झाकणाचं भोक

उद्यमनगरात आमच्या स्टोअरच्या खिडकीला
बाइंडिंगच्या तारेनं एक वही बांधलेली आहे.
पहिलं पान अठ्ठ्याऐंशी सालचं, कव्हरवर ग्रीसचे अंगठे.
ज्याचं इंजिन अडलं त्यानं लिहायचं,
ज्याला कळलं त्यानं खाली लिहायचं.
नियम एवढाच, तोही कुठं लिहिलेला नाही.

परवा मीटिंग झाली. चहा, भडंग.
मगदूमसाहेब म्हणाले, सुलभाबाई, जुनी पानं बंद करा आता.
लाल पेन्सिलीनं आडवी रेघ, खाली ‘बंद’, तारीख, सही.
ते पार्ट मिळत नाहीत, ती माणसं येत नाहीत,
आणि पोरं काहीतरी वाचून भलतंच करून बसतात.

खोटं नव्हतं ते.
पान बेचाळीस : गव्हर्नरची स्प्रिंग आवळा, वेग वाढतो.
खाली सही नाही.
ते वाचून अवधूत लोहाराच्या पोरानं
दिवाळीच्या आधी फ्लायव्हील फोडलं.
डाव्या हाताची दोन बोटं.
अजून नट उचलताना तो उजवा हात पुढं करतो
आणि आपण दुसरीकडं बघतो.

मी पेन्सिल घेऊन बसले. पान सतरा.
‘इंजिन वीस मिनिटं झ्याक चालतंय, मग बंद.
घटकाभर थांबलं की परत चालू. का?
— दस्तगीर शिकलगार, ९१.’
खाली वेगवेगळ्या शाया :
हवा धरली असंल, पाइप बघा.
बघितली. न्हाई.
फिल्टर बदला.
बदलला. तेच.
डिझेलात पाणी?
न्हाई.
बायकोला विचारा, असंही कुणीतरी लिहून गेलंय.
त्यावर दस्तगीरभाईंनी लिहिलं : विचारलं. ती म्हणती, विका.
मग कोरं.
इंजिन विकलं. दस्तगीरभाईही गेले, महापुराच्या आदल्या वर्षी.

रेघ ओढणार, तेवढ्यात खिडकीवर टकटक.
गारगोटीकडची पोरगी, रेणुका खोत,
पायात चिखल वाळलेला, हातात फिल्टर.
वडील अंथरुणावर, ऊस वाळायला लागलाय.
म्हणाली, बाई, वीस मिनिटं चालतंय, मग बंद.

मी काही बोलले नाही. वही तिच्याकडं फिरवली.
ती बोट ठेवून वाचत गेली, ओठ हलवत.
‘विका’पाशी हसली.
फिल्टर न घेताच गेली.

आठव्या दिवशी आली, पेन मागितलं, उभ्या उभ्या लिहिलं :
‘पाइप, फिल्टर, पाणी तुम्ही बघितलेलंच होतं,
म्हणून मी वरनं सुरुवात केली.
टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतंय.
कुंभारीण माशीनं त्यात मातीचं घर केलं होतं.
हवा आत जाईना, म्हणून डिझेल खाली येईना.
दाभणानं उकरलं. काल दिवसभर चाललं.’

मग विचारलं, हे काका असतात का इथं?
मी म्हटलं, जेवायला गेलेत.
म्हणाली, आले की दाखवा.

मगदूमसाहेबांना मी काय सांगणार?
बेचाळिसावं पान मी तारेनं शिवलं,
रेघ नाही ओढली. वर ठळक लिहिलं :
इथं दोन बोटं गेली.
लोहाराच्या पोरानंच तार पिळली, उजव्या हातानं.

राहिलं पान त्रेसष्ट.
तातोबा सुतार : माझा बोरिंग बार परत दे.
आण्णाप्पा : कुठला बार?
मग सहा ओळी वाचवत नाहीत अशा.
दोघं एकाच गल्लीत राहतात, सव्वीस वर्षं बोलत नाहीत.
साहेब म्हणाले, हे तरी बंद करा, बायामाणसं वाचतात.
बाई तर मीच. आणि मी ते कधीच वाचलंय.

पेन्सिलीला टोक काढलं.
पानाच्या तळाशी दोन बोटं जागा शिल्लक होती.
एका ओळीला पुरेल, जरा दाटीवाटीनं.

टोक तसंच ठेवून पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकली.
बाहेर कुणीतरी तार ओढत होतं.